एस्टीमचा एसी आर-१२ वरून आर-१३४ए वर नेला: एक उन्हाळा, एक पावसाळा

गाडी १९९५ ची मारुती एस्टीम, बाबांची. बॉनेटखालच्या स्टिकरवर आर-१२ लिहिलेलं, म्हणजे एसीतला जुना गॅस; आर-१३४ए हा त्याच्या जागी आलेला. एसी चार वर्षं बंद होता. नागपुरात मे महिन्यात दुपारी काच खाली केली तर बाहेरचा वारा भाजतो, आणि वर केली तर आत उकडतं. शेवटी फेब्रुवारीत काम करून घेतलं. आता थंडी पडायला लागली आहे, म्हणजे गाडीने पूर्ण मोसम बघितला.

त्याआधी एकदा फसलो, ते आधी सांगतो. मागच्या वर्षी घराजवळच्या दुकानात गेलो. "गॅस टाकून देतो न भाऊ, अर्ध्या तासाचं काम." अठराशे रुपये. त्याने जुन्या तेलावरच आर-१३४ए भरला, तोही ड्रायरवरच्या (गॅसमधली ओल शोषणाऱ्या डब्यावरच्या) काचेतले बुडबुडे थांबेपर्यंत. ही सवय आर-१२ च्या काळातली. १३४ए मध्ये योग्य भरती असतानाही काचेत फेस दिसू शकतो, त्यामुळे काच साफ करायच्या नादात गॅस जास्तच पडतो. आठवडाभरात व्हरायटी चौकाच्या सिग्नलवर कॉम्प्रेसरचा (गॅस दाबणाऱ्या पंपाचा) क्लच टक्‌-टक्‌ करत सुटायला लागला, कारण दाब वाढला की स्विच तो तोडतो. तिसऱ्या आठवड्यात गरम हवा.

यंदा कामठी रोडवरच्या एका चाचांकडे गेलो. त्यांनी गेज हातातही घेतला नाही. होसच्या क्रिम्पिंगवरून, म्हणजे रबरी नळीच्या टोकाला दाबून बसवलेल्या जोडावरून, बोट फिरवलं, माझ्यासमोर धरलं. बोटाला काळी, चिकट धूळ. "गॅस एकटा नाही जात साहेब, तेल घेऊन जातो." मग नायट्रोजन भरून साबणाचं पाणी लावलं. त्या होसवर आणि कंडेन्सरच्या (रेडिएटरसमोरच्या, गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीच्या) जोडावर फुगे आले. आधीच्या दुकानात हे पाच मिनिटं कुणी केलं असतं तर माझे अठराशे वाचले असते.

खरं काम तेलाचं आहे. आर-१२ सोबत मिनरल ऑइल चालतं, पण १३४ए मध्ये ते विरघळत नाही. मग ते गॅसबरोबर फिरत नाही, कुठेतरी साचून राहतं आणि कॉम्प्रेसर कोरडा पडतो. चाचांनी कॉम्प्रेसर उतरवला, उलटा करून तेल मापात काढलं, लाइनी फ्लश केल्या आणि एस्टर ऑइल टाकलं. पॅग, म्हणजे १३४ए सोबत चालणारं दुसरं तेल, का नाही, असं मी विचारलं. जुनं तेल थोडंफार आत राहतंच, आणि एस्टर ते सांभाळून घेतं, म्हणाले. जोडांतल्या ओ-रिंग हिरव्या एचएनबीआर रबराच्या घातल्या. ड्रायर नवा, कारण जुन्यातला ओल शोषणारा माल १३४ए साठी बनलेला नसतो. सर्व्हिस पोर्टवर अडॅप्टर बसवले. पाऊण तास व्हॅक्युम, मग पंप बंद करून अर्धा तास चहा. काटा हलला नाही, तेव्हाच सिलिंडर वजनकाट्यावर ठेवला. भरती आर-१२ च्या मूळ वजनाच्या ८० ते ९० टक्के, काचेकडे पाहायचं नाही. बिल ११,४०० झालं. त्यात नवी होस आणि मजुरी जास्त, गॅस सगळ्यांत स्वस्त.

आर-१२ च शोधू नका, हेही सांगून टाकतो. ओझोनच्या प्रश्नामुळे १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर तो जगभर बंद होत गेला, भारतातलं उत्पादन २००८ मध्ये थांबलं. आता "जुना स्टॉक आहे" म्हणून जो डबा पुढे येतो, त्यात नेमकं काय आहे ते भरणाऱ्यालाही माहीत नसतं. स्वयंपाकाचा गॅस भरून देणारेही भेटले. डॅशबोर्डच्या आत लाइन फुटली तर तो गॅस थेट केबिनमध्ये येतो, आणि बाबा गाडीत सिगारेट ओढतात.

थंडावा किती, तर मी व्हेंटमध्ये किचनचा थर्मामीटर खुपसून ठेवला होता. फेब्रुवारीत ७ अंश. मे महिन्यात बाहेर ४५ असताना वर्धा रोडवर चालत्या गाडीत १२, रिसर्क्युलेशन चालू ठेवून. त्याच दुपारी सीताबर्डीच्या गर्दीत तो २० वर गेला. गाडी उभी राहिली की कंडेन्सरवर वारा नसतो, आणि १३४ए चा दाब तशा उन्हात आर-१२ पेक्षा जास्त चढतो. बाबांचं मत, "पहिले डोकं दुखायचं इतकं गार व्हायचं." ते खरं आहे. तेवढं आता होत नाही.

जुलैत वेगळंच निघालं. डावीकडची मॅट ओली. मला वाटलं दारातून पाणी येतंय, दोनदा रबर चिकटवलं. निघाली इव्हॅपोरेटरची (डॅशबोर्डमागच्या, हवा गार करणाऱ्या भागाची) पाणी बाहेर सोडणारी ड्रेन नळी, तुंबलेली. चार वर्षांच्या बंदीत तिच्यात माती आणि एक मेलेलं झुरळ बसलं होतं. सायकलची तार घातली, अर्धा तांब्या पाणी भडाभडा खाली आलं. उन्हाळ्यात हवा इतकी कोरडी असते की पाणी साचलंच नव्हतं.

गेल्या आठवड्यात क्रिम्पिंगवरून पुन्हा बोट फिरवून पाहिलं. धूळ होती, पण कोरडी. सिग्नलवरचा त्रास मात्र तसाच आहे, त्यामुळे कंडेन्सर पॅरलल फ्लोचा (उष्णता जास्त टाकणारा) करून पुढे जादा पंखा लावायचा ठरलंय. चाचांनी एका जुन्या गाडीचा काढून ठेवलाय. रेडिएटरसमोरची जागा मोजून या म्हणालेत. रविवारी टेप घेऊन बसणार आहे.