साडेचारशेचा डोंगल, आठ महिने आणि फूटभर वायर

डब्यातून सीडी निघाली तेव्हाच समजायला हवं होतं. पीसीला वायफाय देणारा नखाएवढा यूएसबी डोंगल आणि तो चालवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे ड्रायव्हर, सीडीवर! माझ्या पीसीला सीडी ड्राइव्ह आहे कुठे? नेटवरून उतरवावा तर नेटसाठीच डोंगल आणलेला. शेवटी मोबाइल वायरने जोडून त्याचं नेट पीसीला दिलं (टेदरिंग) आणि ड्रायव्हर टाकला. सीडी आता बाल्कनीत कबुतरं हाकलायला टांगलीय. तिचं काम चोख.

राउटर हॉलमध्ये, पीसी आतल्या खोलीत. लॅनची वायर न्यायची तर भिंतीला भोक, आणि घरमालक खिळासुद्धा मारू देत नाहीत. म्हणून हा साडेचारशेचा, वायफायच्या फक्त २.४ गिगाहर्ट्‌झ पट्ट्यावर चालणारा. दोन महिने तक्रार नव्हती. मग हार्ड डिस्कवर फोटो कॉपी करायला घेतले की नेट गायब व्हायला लागलं. त्याच खोलीत मोबाइलवर मात्र सुरळीत. तरी मी नेटवाल्यांशीच भांडलो. त्यांचा मुलगा दोनदा येऊन गेला, दुसऱ्यांदा चहासुद्धा न घेता. मग डोंगलला एक स्टार देऊन मोकळा झालो.

तो स्टार आज मागे घेतोय. डोंगल मागच्या निळ्या यूएसबी ३.० पोर्टात होता, शेजारीच हार्ड डिस्क. यूएसबी ३.० वरून डेटा जायला लागला की २.४ च्या पट्ट्यात गोंगाट होतो, हे इंटेलने २०१२ सालीच मांडलंय. मला कळायला २०२५ उजाडलं. जुन्या डेटा कार्डाच्या डब्यात फूटभर यूएसबी एक्स्टेन्शन सापडली. ती काळ्या २.० पोर्टात खोचली आणि डोंगल टेबलाच्या कडेला चिकटपट्टीने लावला. नेटचा वेग ८ एमबीपीएसचा ३८ झाला, आणि कॉपी चालू असताना नेट टिकतं. पत्र्याच्या कॅबिनेटमागून बाहेर आला, त्याचाही हात असणार. २.० पोर्ट हळू पडेल ही भीती नको. तो ४८० एमबीपीएसचा, डोंगल दीडशे एमबीपीएसचा.

पण ही वीसतीस रुपयांची वायर डब्यात द्यायला कंपनीला काय धाड भरली होती? सीडी छापायला पैसे आहेत!

पीसी स्लीपमधून उठला की डोंगल सापडत नसेल, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याच्या पॉवर मॅनेजमेंटमधली वीज वाचवायची टिक काढा. राउटर ड्युअल बँड, म्हणजे २.४ आणि ५ दोन्ही पट्ट्यांचा असेल तर थोडे जास्त टाकून ५ गिगाहर्ट्‌झवालाच घ्या. माझा राउटर तसा नाही, आणि एवढ्यासाठी मी बदलणारही नाही.

आता साडेतीन स्टार. अर्धा सीडीचा कापला, उरलेला एक निळ्या दिव्याचा. रात्रभर लुकलुकतो. त्यावर बायकोची टिकली लावलीय, पण डोंगल तापला की ती सुटते. ही तिसरी.