जुन्या डोमेनच्या नावाखाली १,००,३०० रुपयांचा चुना

पैसे परत येतील ही आशा मी सोडलीय. त्या भामट्याला पुढचं गिऱ्हाईक मिळू नये, एवढ्यासाठी लिहितोय.

कोल्हापूरला आमचा गुळाचा धंदा आहे. ऑनलाइन विक्रीसाठी हवं होतं ते डॉट कॉम नाव (डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता) २००९ पासून कुणीतरी घेऊन ठेवलेलं. टेलिग्रामवर एकजण म्हणाला, मालक मीच. दीड लाखावरून घासाघीस करत ८५,००० ला ठरलं. त्यानंच सुचवलं, "सर, माझ्यावर विश्वास ठेवूच नका, एस्क्रोतून करू." पैसे मधल्या कंपनीकडे राहणार, डोमेन माझ्या खात्यात आल्यावरच त्याला मिळणार. असं म्हणणाऱ्यावर कोण संशय घेईल, सांगा!

लिंकही त्यानंच पाठवली. मेख तिथंच होती. नावाजलेल्या एस्क्रो कंपनीची हुबेहूब साइट, फक्त पत्त्यात एक आडवी रेघ जास्त. आयकॅन, म्हणजे डोमेन नावांचा कारभार बघणारी संस्था, तिच्या लुकअपवर कुठल्याही डॉट कॉमची नोंदणीची तारीख फुकट दिसते. जे डोमेन घ्यायचं त्याची तारीख मी तिथं पुन्हापुन्हा पाहिली. ज्या साइटवर पैसे भरायचे तिची पाहिली ती सगळं झाल्यावर. जेमतेम तीन आठवड्यांची! एस्क्रोचा पत्ता स्वतः टाइप करा, समोरच्याच्या लिंकवरून जाऊच नका.

आणि ती बँकेची स्क्रीन. एनईएफटीसाठी बेनिफिशियरी ॲड करताना हल्ली खातेदाराचं नाव दिसतं. परदेशी कंपनीऐवजी कुठल्याशा 'ट्रेडर्स'चं चालू खातं दिसलं. विचारलं तर म्हणे, "इंडियाचं कलेक्शन तेच बघतात." आमच्या बाजारात बिल एकाच्या नावावर आणि पैसे दुसऱ्याच्या, हे रोजचंच, म्हणून पटलं. ते नाव ठळक अक्षरात समोर होतं आणि मी 'कन्फर्म' दाबलं. अजून झोपेत ती स्क्रीन दिसते.

डोळे मिटून पैसे दिले असं मात्र कुणी म्हणू नये. मालकीचा पुरावा मी मागितला होता. मी सांगेन तो शब्द डीएनएसमध्ये (डोमेनच्या, मालकालाच बदलता येणाऱ्या तांत्रिक नोंदींत) टीएक्सटी, म्हणजे मजकुराचा रेकॉर्ड म्हणून टाक, म्हटलं. खऱ्या मालकाला हे पाच मिनिटांचं काम. उत्तर आलं, "डील सुरू झाली की डोमेन लॉक होतं, डीएनएस बदलता येत नाही." साफ खोटं! ट्रान्सफर लॉकमुळे डोमेन दुसऱ्या रजिस्ट्रारकडे (डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीकडे) जात नाही एवढंच; टीएक्सटी रेकॉर्डशी त्याचा संबंध नाही. तो रेकॉर्ड दिसेपर्यंत रुपया सोडू नका. हूइजमध्ये (डोमेन कुणाच्या नावावर आहे त्याच्या जाहीर नोंदीत) मालकाचं नाव सापडेल या भरवशावरही राहू नका, २०१८ पासून ते बहुतेक झाकलेलंच असतं. सातबारा हातात, पण खातेदाराचा रकाना कोरा, अशातली गत.

८५,००० गेल्यावर 'एस्क्रो'चा मेल आला: १८ टक्के जीएसटीचे १५,३०० भरा, त्याशिवाय ऑथ कोड (डोमेन आपल्याकडे वळवून घ्यायचा पासवर्ड) नाही. पंच्याऐंशी अडकलेले असताना पंधरासाठी कोण अडून बसतो? भरले. कोड आला, तो चाललाच नाही. रजिस्ट्रार म्हणतो, खातेदाराशिवाय कुणाला माहिती देत नाही.

मग सरकारी दारं. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर एकदाची तक्रार नोंदली गेली. (फसलात तर पहिल्या तासातच फोन करा, यूटीआर, म्हणजे बँक व्यवहाराचा नंबर हाताशी ठेवा.) पोलीस ठाण्यात विचारतात, "वस्तू काय घेतली?" डोमेन. "मग पार्सलमध्ये काय निघालं?" समजावून सांगितलं तर, "पैसे तुम्हीच पाठवले ना स्वतःच्या हातानं?" मग खातं परराज्यातलं, हद्द आमची नाही, सायबरकडे जा. सायबरवाले म्हणतात, आधी ठाण्याचं पत्र आणा. हद्द कुठलीही असो, झिरो एफआयआर घ्यायचा असतो, हे गूळवाल्यानं पोलिसांना शिकवायचं? बँकेनं तर एका ओळीत मोकळं केलं: ओटीपी तुम्हीच टाकलात.

ज्या एसईओवाल्यानं "जुनं डोमेन घ्या, गूगलवर लगेच वर याल" असं डोक्यात भरवलं, तो आता फोन उचलत नाही. नुसत्या वयानं रँक मिळत नाही, हे गूगलच्याच लोकांनी सांगितलेलं आहे. मला कळलं उशिरा.

त्या 'ट्रेडर्स'च्या खात्यात ११,४०० रुपये गोठवलेत म्हणे. ते सोडवायला कोर्टाचा आदेश आणायला सांगितलं. वकिलांनी फी सांगितलीय १५,०००.