पायची किंमत काढायचा प्रोग्रॅम: माधवाची कोणती श्रेणी घ्यावी?

पायची (π, म्हणजे वर्तुळाचा परीघ भागिले व्यास) किंमत काढणारा छोटा प्रोग्रॅम लिहायचा म्हटले की बहुतेक जण १ − १/३ + १/५ − १/७ … हीच श्रेणी घेतात. बेरजेला ४ ने गुणले की झाले. पुस्तकांत तिला जर्मन गणिती लाइब्निझचे नाव असते, पण केरळच्या गणिती परंपरेने ती चौदाव्या शतकातल्या माधवाच्या नावावर नोंदवली आहे, आणि लाइब्निझ सतराव्या शतकातला.

लिहायला हिच्याइतकी सोपी दुसरी नाही. बेरीज, चिन्ह, छेद ही तीन व्हेरिएबल्स आणि एक लूप. दर फेरीला चिन्ह उलटायचे, छेदात २ मिळवायचे. पण ती फार संथ आहे. १०० पदांनंतर ३.१३१५९ मिळते, म्हणजे दुसरे दशांश स्थळसुद्धा चुकते. चूक साधारण १ भागिले पदसंख्या एवढी राहते, त्यामुळे दहा स्थळे हवी असतील तर हजार कोटींहून जास्त फेऱ्या लागतील. पायथनमध्ये त्या नादी लागू नका.

माधवाचीच दुसरी श्रेणी: √१२ × (१ − १/(३×३) + १/(५×३²) − १/(७×३³) …). लूपमध्ये एकच ओळ वाढते, ३ चा घात सांभाळणारी. दहा पदांत ३.१४१५९०५ आणि २१ पदांत ३.१४१५९२६५३५९. वर्गमूळ मात्र आधी काढावे लागते.

नुसते उत्तर हवे असेल तर ही दुसरी घ्या. शिकण्यासाठी लिहीत असाल तर मी पहिलीच घ्यायला सांगेन, पण केरळच्या गणितींनी तिला जोडलेल्या दुरुस्तीसह. १०० पदांची बेरीज झाली की, ४ ने गुणण्याआधी, तिच्यात १००/४०००१ मिळवा (पदसंख्या भागिले तिच्या वर्गाची चौपट अधिक १, पदे विषम असतील तर वजा करा). उत्तर येते ३.१४१५९२६५३५६. दहा स्थळे बरोबर, तीही शंभरच फेऱ्यांत! लूप संपल्यावरच्या एका ओळीने हे साधते. सोळाव्या शतकातल्या ज्येष्ठदेवाच्या ‘युक्तिभाषा’ या मल्याळम ग्रंथात या दुरुस्तीमागचा विचारही मांडलेला आहे.

साध्या फ्लोटमध्ये (अपूर्णांकांसाठीच्या नेहमीच्या संख्या-प्रकारात) पंधरा-सोळा अंकांपुढे काही मिळत नाही. शंभर स्थळे हवी असतील तर √१२ ची श्रेणी, पायथनचे डेसिमल मॉड्यूल (हवे तितके अंक ठेवू देणारे) आणि दोनशेच्या आसपास पदे. अचूकता ११० अंकांवर ठेवा आणि वर्गमूळही डेसिमलमध्येच काढा.