स्लॅब फोडून देतो म्हणाला आणि नाणंच बदललं

बाबा नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसमधून निवृत्त झाले आणि पंचम जॉर्जचे चांदीचे रुपये जमवायला लागले. पुठ्ठ्याला गोल भोकं पाडलेला त्यांचा अल्बम आता माझ्याकडे आहे. १९१२ ते १९२२ पर्यंतचे रुपये त्यात ओळीने बसलेत. पहिलंच भोक तेवढं रिकामं होतं, १९११ चं.

तो रुपया सहजी मिळत नाही. राजाच्या झग्यावरच्या हारात कोरलेला हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला आणि ओरड झाली. सरकारने नाणी मागे घेतली, बरीचशी वितळवली आणि १९१२ पासून हत्ती नीट कोरला. बाजारात अजून त्याला पिग रुपया म्हणतात. बाबांच्या वर्षश्राद्धाआधी ते भोक भरायचं, एवढंच माझ्या मनात होतं. एका प्रदर्शनात १९,००० रुपयांना घेतला. मुंबई टांकसाळीचा, खालच्या कमळाखाली बारीक ठिपका असलेला, ग्रेड एमएस ६३ (म्हणजे न वापरलेलं नाणं, ७० पैकी ६३ दर्जा), प्लास्टिकच्या सीलबंद स्लॅबमध्ये, म्हणजे ग्रेडिंग कंपनी नाणं तपासून, दर्जा ठरवून लेबलसकट ज्या चपट्या पेटीत बंद करते तिच्यात.

स्लॅब अल्बममध्ये कसा बसणार? नाणं बाहेर काढायलाच हवं होतं. सराफ बाजाराकडच्या एका बोळातल्या नाणेविक्रेत्याला विचारलं, तर तो म्हणाला, "साहेब, घरी हातोडी मारू नका, नाण्याला ओरखडा गेला की पैसे गेले. माझ्याकडे मशीन आहे. तीनशे रुपये द्या." हातोडीबद्दल तो खरंच बोलत होता, म्हणून बाकीच्यावरही माझा विश्वास बसला.

स्लॅब घेऊन तो पडद्यामागे गेला. कट्कन आवाज आला. पाचेक मिनिटांनी नाणं पिना मारलेल्या पुठ्ठ्याच्या चौकोनी होल्डरमध्ये घालूनच बाहेर आणलं. "आठ दिवस उघडू नका, हवा लागते." स्लॅबचे तुकडे आणि आतलं लेबल मागितलं तर म्हणाला, "कचरा कशाला नेता?" मी निघून आलो. पावतीही घेतली नाही.

घरी काट्यावर ठेवलं. पुठ्ठ्याचं वजन वजा करून साधारण ११.६ ग्रॅम भरलं. या रुपयाचं मूळ वजन ११.६६ ग्रॅम. चांदी खरी, साल खरं, ठिपकाही जागेवर. म्हणून दोन दिवस मला शंकाच आली नाही. तिसऱ्या रात्री दिव्याखाली तिरकं धरून फिरवलं आणि पोटात गोळा आला. न वापरलेल्या नाण्यावर प्रकाशाचा पट्टा चाकाच्या आऱ्यासारखा गोल फिरतो. इथे तो फिरेना. सगळीकडे घासल्याच्या बारीक रेषा, आणि राजाच्या मुकुटावरची नक्षी झिजलेली. नाणं नकली नव्हतं. पण ते माझं नव्हतं. वापरलेला, पॉलिश मारलेला दुसराच १९११ चा रुपया त्याने माझ्या हातात ठेवला होता.

घेतानाच मी लेबलवरचा नंबर लिहून ठेवला होता, तो ग्रेडिंग कंपनीच्या साइटवर टाकला. तिथे माझ्या नाण्याचा फोटो निघाला. राजाच्या नाकासमोरच्या मोकळ्या जागेत एक बारीक तिरकी रेघ त्यात स्पष्ट दिसते. हातातल्या नाण्यावर ती नाही. फोटो घेऊन दुकानात गेलो, तर "हेच तुमचं नाणं" यापलीकडे तो बोलेना. पोलीस ठाण्यात अर्ज दिलाय, पण तिथेही मला हेच विचारलं की नाणं दिल्याचा पुरावा काय? स्लॅब असेपर्यंत नाण्याची ओळख त्या नंबराशी बांधलेली असते. स्लॅब फुटला की ती ओळख सुटते, आणि ग्रेड व कंपनीची हमीही तिथेच संपते. माझ्या नाण्याची ओळख तर मीच पडद्याआड पाठवली होती. लेबलचा घोर अजून आहे. खरं लेबल नकली स्लॅबमध्ये घालून भलतंच नाणं विकता येतं. कंपनीला मेल लिहून तो नंबर कळवलाय.

माझा भाचा अंबडच्या एमआयडीसीत टूलरूममध्ये आहे. सगळं ऐकून म्हणाला, "मामा, याला मशीन कुठलं लागतंय? मला एक फोन करायचा होता." माझ्याकडच्या दुसऱ्या, स्वस्तातल्या स्लॅबवर त्याने करून दाखवलं. आधी दोन्ही बाजूंचे फोटो आणि नंबर. मग स्लॅब जाड टॉवेलमध्ये गुंडाळला, डोळ्यांना गॉगल लावला, कारण हे प्लास्टिक तडकलं की काचेसारखे तुकडे उडतात. नाण्यापासून सगळ्यात लांबचा, लेबलकडचा कोपरा निपरने, म्हणजे कापायच्या पक्कडीने, तोडला. दोन अर्धे भाग कडेने वितळवून जोडलेले असतात. त्या फटीत चपटा स्क्रू ड्रायव्हर फक्त टोकापुरता घालून हळूच पिळला, थोडं पुढे सरकून पुन्हा पिळला. टोक नाण्याच्या दिशेने आत कधीच ढकललं नाही. जोड उसवला तसे दोन्ही भाग अलग झाले आणि नाणं आतल्या कड्यासकट घडी घातलेल्या मऊ कापडावर उतरलं. कडेला धरून उचललं. पुसलं नाही, धुतलं नाही. दहा मिनिटंही लागली नाहीत, आणि सगळा वेळ नाणं माझ्या डोळ्यांसमोर होतं.

कुणाकडून फोडून घेणारच असाल तर टेबलावर, तुमच्यासमोर, मोबाइलवर चित्रण सुरू ठेवून फोडायला सांगा. तो आत जातो म्हणाला तर स्लॅब परत घ्या. लेबल आणि तुकडे मागून घ्या. विकायचं नाणं असेल तर फोडूच नका.

वर्षश्राद्ध होऊन गेलं. ते पॉलिश मारलेलं नाणं मी अल्बममध्ये लावलं नाही, भोक रिकामंच आहे. नाशिकमध्ये कुणाला १९११ चा मुंबईचा रुपया विकायला आला, तर राजाच्या नाकासमोर बघा. तिथे वरून खाली डावीकडे उतरणारी केसासारखी रेघ दिसली, तर तो माझ्या बाबांच्या अल्बमचा रुपया आहे.