गिटहबवरच राहायचं, गिटलॅबला जायचं का कोडबर्ग धरायचं?

कोड ठेवायच्या आणि मिळून काम करायच्या या तीन साइटपैकी कुठली घ्यायची, सध्या सोलापुरातल्या इंजिनिअरिंगच्या पोरांच्यात हाच विषय चाललाय आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलवाल्यांसाठी स्टॉक-बिलिंगचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर करणारे पण विचारायलेत, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

2018 ला मायक्रोसॉफ्टनं साडेसात अब्ज डॉलरला गिटहब घेतलं तेव्हा लोक घाबरले होते, पण सुरुवात उलट बरी झाली, 2019 ला प्रायव्हेट रेपो (प्रोजेक्टच्या कोडचा साठा) फुकट, 2020 ला त्यातली माणसांची मर्यादा पण काढली. बदललं ते कोपायलटपासून, म्हणजे कोड सुचवणाऱ्या एआय टूलपासून. पब्लिक कोडवर ट्रेन केलेलं टूल 2022 ला महिना 10 डॉलरनं विकायला काढलं (मोठ्या ओपन सोर्सच्या मेंटेनरना फुकट दिलं, हे पण खरं), आणि 2025 च्या ऑगस्टमध्ये सीईओनं जातो म्हणून सांगितलं तसं गिटहब मायक्रोसॉफ्टच्या एआय टीमखाली गेलं. आता लॉगिन केलं की मधोमध कोपायलटचा बॉक्स, आपले रेपो कडेला. झिग ही प्रोग्रामिंग भाषा बनवणारे नोव्हेंबर 2025 मध्ये कोडबर्गवर गेले, त्यांचा एआयवर राग होताच, पण ॲक्शन्समधले (गिटहबचं आपोआप बिल्ड-टेस्ट चालवायचं टूल) बग तसेच पडून राहतात ही त्यांची तक्रार मला जास्त वजनदार वाटते, कारण रोजचं काम तिथंच अडतं.

तरी पब्लिक रेपोला ॲक्शन्स फुकट आहे, आणि पुण्यात इंटरव्ह्यूला गेलात तर गिटहबचीच लिंक मागतात. फायनल इयरला असाल तर गप राहा की तिथंच.

गिटलॅबबद्दल थोडक्यात. सीआय (कोड बदलला की आपोआप बिल्ड-टेस्ट) भारी आहे, स्वतःच्या सर्व्हरवर पण टाकता येतं. पण फुकटात सीआयची महिन्याला 400 मिनिटं, प्रायव्हेट ग्रुपला 5 माणसं, आणि 2021 ला क्रिप्टो माइनिंगवाल्यांनी मिनिटं लुटल्यावर नवीन अकाउंटला कार्ड मागायला लागले. ही पण शेवटी कंपनीच, मग एका कंपनीतून दुसरीकडं कशाला जायचं?

कोडबर्ग बर्लिनच्या संस्थेचं आहे, मेंबरांच्या वर्गणीवर आणि देणगीवर चालतं, खाली फोर्जेओ हे ओपन सोर्स सॉफ्टवेअर. विकायला कोणी शेअरहोल्डरच नाही, हा खरा फरक. पण ते ओपन सोर्सपुरतंच आहे, क्लायंटचा बंद कोड तिथं ठेवायचा नाही. एआयवाल्यांच्या क्रॉलरनी (पानं उपसणाऱ्या बॉटनी) साइट मधूनच रखडते. आणि लोक कमी, म्हणजे सिद्धेश्वरच्या गड्डा जत्रेत स्टॉल लावायचा सोडून आपल्या बोळात लावल्यासारखं.

माझं मत विचाराल तर कोड कुठं आहे याची काळजीच करू नका, तो गिटनं (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं टूल) एका कमांडमध्ये उचलता येतो, अडकतात ते इश्यू (बगच्या, मागण्यांच्या नोंदी), चर्चा आणि सीआय. ट्रॅव्हिस सीआय या बिल्ड चालवणाऱ्या सेवेनं 2020 ला ओपन सोर्सचं अनलिमिटेड फुकट बंद करून क्रेडिट मोजायला सुरुवात केली तेव्हा कोड कुणाचा गेला नाही, पण बिल्ड बंद पडले आणि लोकांना सगळ्या स्क्रिप्ट नव्यानं लिहायला लागल्या. म्हणून बिल्डची पायरी शेल स्क्रिप्टमध्ये ठेवा, ॲक्शन्सच्या फाइलमधून फक्त ती चालवा.

आणि टॉवेलच्या सॉफ्टवेअरवाल्यांनी कोडबर्गच घ्यावं. तुमचे युजर फोन करतात, स्टार देत नाहीत. कोडबर्गला गिटहबचं टोकन (परवानगीची किल्ली) दिलं की इश्यू, विकी, रिलीज सगळं इम्पोर्ट होतं, मग तिथनं गिटहबवर पुश मिरर (कोडची आपोआप जाणारी प्रत) लावा आणि गिटहबवरचा इश्यूचा टॅब सेटिंगमधून बंद करा.