ओपेथ घ्यायचा तर कुठला, ग्रोलवाला की बिनग्रोलचा?

ओपेथ हा स्वीडिश मेटल बँड ऐकायला सुरुवात करायचीय, कुठून करू, असं कोणी विचारलं की दोन गट लगेच बाह्या सरसावून पुढे येतात. एक म्हणतो 2008 च्या ‘वॉटरशेड’वर थांबा, पुढे काही नाही, मेटल बँड म्हणून तिथेच कारभार आटोपला. दुसरा म्हणतो 2011 च्या ‘हेरिटेज’पासून बँडचा गायक-गिटारवादक ओकरफेल्ट खऱ्या अर्थाने मोकळा झाला, त्याआधी निम्मा वेळ नुसता ग्रोल, म्हणजे घशातून काढलेली डरकाळी. आणि मधे एक समजूतदार तिसरा गट असतो, दोन्ही ऐका ना, कोणी अडवलंय. तिसऱ्याचं बरोबरच आहे पण त्याचा उपयोग काय, विचारणाऱ्याकडे एक वीकेंड आहे आणि बँडचे अल्बम झालेत चौदा.

मला हा निर्णय जरा सक्तीनेच घ्यावा लागला. रेकॉर्ड ठेवायचं शेल्फ भरलं, दोन्ही काळ पूर्ण ठेवणं शक्य नव्हतं, त्यामुळे एका बाजूचं सगळं ठेवायचं आणि दुसऱ्या बाजूचं निवडक, असं ठरवून मी दोन्हीकडचे अल्बम पुन्हा नीट ऐकले. बँडचा इतिहास, कोण कधी आला आणि गेला हे सांगत बसत नाही, ते सगळीकडे मिळतं. समोरासमोर ठेवतोय ते जुन्यातले ‘ब्लॅकवॉटर पार्क’ (2001) आणि ‘घोस्ट रेव्हरीज’ (2005), नव्यातले ‘हेरिटेज’ (2011) आणि ‘पेल कम्युनियन’ (2014). बाकीचे ओघात येतील.

आधी ग्रोलचं उरकून घेऊ कारण सगळी भांडणं तिथूनच सुरू होतात. माझ्या मते नवख्या माणसाला ग्रोलची भीती दाखवली जाते तेवढी ती अडचण नाहीये. ‘ब्लॅकवॉटर पार्क’मधलं ‘द ड्रेपरी फॉल्स’ लावा, जवळपास अकरा मिनिटांचं गाणं आहे, त्यात पहिली साधारण पाच मिनिटं माणूस सरळ गातोय, गिटार हळूहळू दाटत जातेय, आणि मग ग्रोल येतो तेव्हा तुम्ही आधीच आत शिरलेले असता, बाहेर पडायचं सुचत नाही. याउलट ‘घोस्ट रेव्हरीज’मधलं ‘घोस्ट ऑफ पर्डिशन’ पहिल्या काही सेकंदांच्या शांततेनंतर सरळ अंगावर येतं, ते पहिलं लावू नका, घाबरून जाल आणि दोष मला द्याल. ज्यांना ग्रोल कधीच चालणार नाही असे लोक असतात, त्यांच्याबद्दल तक्रार नाही, त्यांच्यापुरता निर्णय झालेलाच आहे. पण बाकीच्यांसाठी सांगतो, ग्रोल हा सवयीचा भाग आहे, आठवडाभरात कान सरावतो.

आता नव्या काळाचं कौतुक आधी करतो, नाहीतर मी जुन्याच गटातला म्हणून लोक पुढचं वाचायचे नाहीत. ‘हेरिटेज’मधे पहिल्यांदा मार्टिन मेंडेझचा बेस नीट ऐकू येतो. म्हणजे तो आधीही भारीच वाजवत होता, पण जाडजूड गिटारच्या भिंतीमागे अर्धा गायब व्हायचा. ड्रम खोलीत वाजवल्यासारखे वाटतात, ठोकळेबाज नाही. ओकरफेल्टचा गळा तर वर्षागणिक सुधारत गेलाय, ‘पेल कम्युनियन’मधलं ‘रिव्हर’ ऐका, ती गळ्यांची एकमेकांवर चढवलेली हार्मनी 2001 च्या ओकरफेल्टने केली असती का, शंका आहे. आणि शेवटचं ‘फेथ इन अदर्स’, स्ट्रिंग्ज वगैरे घेऊन, ते मला आजही हलवतं. सत्तरच्या दशकातला प्रोग रॉक, म्हणजे लांबलचक, गुंतागुंतीच्या रचनांचा रॉक, ज्यांना आवडतो, ज्यांना मेलोट्रॉन (टेपवरचे सूर वाजवणारा जुना कीबोर्ड) आणि हॅमंड ऑर्गनचा आवाज आला की बरं वाटतं, त्यांना ही बाजू सरळ घरच्यासारखी वाटेल. आवाज कमी ठेवून ऐकायलाही नवे अल्बम बरे पडतात, जुन्यांचं तसं नाही, ‘घोस्ट रेव्हरीज’ हळू आवाजात लावलं की नुसतं चिडलेलं वाटतं.

आणि जुन्या लोकांचा जो लाडका आरोप आहे, की 2011 मधे अचानक बँड बदलला, तो काही पटत नाही. ‘वॉटरशेड’ नीट ऐका ना. ‘द लोटस ईटर’मधे ब्लास्टबीटवर, म्हणजे ड्रमच्या सुसाट माऱ्यावर, सरळ गाणं चाललंय आणि मधेच एक फंकी कीबोर्डचा तुकडा येतो, ‘बर्डन’ तर सरळ सत्तरच्या दशकातली बॅलड आहे, शेवटी गिटारच्या खुंट्या वाजवता वाजवता सैल करत नेल्यात. दार तेव्हाच उघडलं होतं. फक्त त्याच अल्बमवर ‘हेर अपॅरंट’ पण होतं, ज्यात बिनग्रोलचं सरळ गाणं औषधालाही नाही, त्यामुळे कोणी फारसं मनावर घेतलं नाही.

तर मग अडलं कुठे? माझं अडलं जोडांवर. एका भागातून दुसऱ्या भागात जाताना गाणं कसं जातं, तिथे.

‘हेरिटेज’ ऐकताना मला सारखं होतं ते असं: एक भाग चाललाय, छान चाललाय, मी रमलोय, आणि एकदम थांबतो. शांतता. मला वाटतं गाणं संपलं. मग पुढचा भाग सुरू होतो, ज्याचा आधीच्याशी संबंध काय ते कळत नाही, तो पण छान असतो, आणि तोही थांबतो. ‘फॅमिन’ हे याचं ठळक उदाहरण. सुरुवातीला तालवाद्यं आणि बासरी, बासरी ब्योर्न यासोन लिंडची आणि तालवाद्यं आलेक्स आकुन्याची, म्हणजे माणसं अस्सल, वातावरण झकास. मग ते जातं, पियानो आणि गळा येतो. मग तोही जातो आणि रिफ, म्हणजे गिटारचा फिरून फिरून येणारा तुकडा, येतो. प्रत्येक तुकडा सुटा ऐकला तर मी त्याच्यावर फिदा आहे पण सगळं मिळून गाणं होतंय का तर माझ्या कानाला नाही होत. ‘नेपेन्थी’ आणि ‘हॅक्सप्रोसेस’ला पण तोच अनुभव. पहिल्या खेपेला वाटलं आपलं लक्ष उडतंय, म्हणून दिवे घालवून, हेडफोन लावून, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून ऐकलं, तरी त्याच जागी तोच हिसका.

आता कोणी म्हणेल जुन्यात असे जोड नव्हते का. होते की! ‘मॉर्निंगराइज’मधलं वीस मिनिटांचं ‘ब्लॅक रोझ इममॉर्टल’ म्हणजे एकामागे एक रिफची रांग, त्याला रचना म्हणणं हा प्रेमाचा भाग झाला. ‘ब्लॅकवॉटर पार्क’मधे पण भाग धाडकन बदलतात. पण तिथे बदलाला कारण असतं आणि ते कारण बहुतेक वेळा ग्रोल पुरवतो. शांत अकूस्टिक भाग चाललाय, तो मोडून जड रिफ आणि ग्रोल आला, की तो मोडणं हीच घटना असते, ताण होता तो सुटला. परत शांत भाग आला की त्याला आधीच्या मारामारीचं वजन असतं. ‘ब्लीक’मधे तर ग्रोलमधून सरळ गाण्यात आणि परत असं इतकं गुळगुळीत जाणं आहे की जोड शोधायला परत ऐकावं लागतं. ग्रोल काढून घेतला की मऊ भागातून दुसऱ्या मऊ भागात जायचं असतं, आणि तिथे मग खरंखुरं संगीतातलं कारण लागतं, सूर बदला, ताल बदला, काहीतरी पूल बांधा. ‘हेरिटेज’मधे तो पूल बऱ्याच ठिकाणी बांधलाच नाही असं मला वाटतं. मला ग्रोलची आठवण येते ती यामुळे, डरकाळीची हौस म्हणून नव्हे. हे अर्थात माझ्या कानाचं मत, संगीत शिकलेला कोणी याचं दुसरं काही सांगेल आणि ते मी ऐकूनही घेईन.

इथे नव्या गटाचा हुकमी पत्ता येतो: ‘डॅमनेशन’. 2003 चा अल्बम, ग्रोल नावाला नाही, सगळा मेलोट्रॉन आणि उदासी, आणि त्याला जुने फॅन पण डोक्यावर घेतात, मग ‘हेरिटेज’नेच काय घोडं मारलं? प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं की ‘डॅमनेशन’मधल्या गाण्यांना एकच मूड आहे आणि गाणं त्या मूडमधून फारसं बाहेर पडतच नाही, त्यामुळे जोडांचा प्रश्नच येत नाही. ‘विंडोपेन’ जिथे सुरू होतं तिथूनच शांतपणे पुढे जातं. आता ‘क्लोजर’ कापल्यासारखं संपतं हे खरं, पण ते गाण्याच्या शेवटी, मधे नाही, आणि तिथे ते शोभतं. शिवाय तो अल्बम 2002 च्या ‘डिलिव्हरन्स’चा जुळा भाऊ, दोन्हींचं रेकॉर्डिंग एकाच सुमाराला, एक काळा आणि एक करडा, म्हणजे ग्रोल त्या जोडीत होताच, फक्त शेजारच्या रेकॉर्डवर होता.

(‘डिलिव्हरन्स’ घेणार असाल तर 2015 मधे ब्रूस सोर्डने नव्याने मिक्स केलेला घ्या. मूळ मिक्स मला कोंदट वाटतो. शीर्षकगीताच्या शेवटी तो एकच अडखळता रिफ मिनिटामागून मिनिट चालतो, तो नव्या मिक्समधे ऐकण्यासारखा आहे.)

‘पेल कम्युनियन’बद्दल मात्र न्यायाने बोललं पाहिजे. तिथे जोड बरेच बुजलेत. ‘इटर्नल रेन्स विल कम’ एका झोकात जातं, ‘गॉब्लिन’ हा त्या नावाच्या इटालियन बँडला केलेला वाद्यांचा सलाम आहे आणि तो तर मजाच आहे. नव्या बाजूचा एकच अल्बम घ्यायचा तर मी डोळे मिटून हा घेईन. नंतरचा ‘सॉर्सरेस’ (2016) मला विस्कळीत वाटला, त्यावर जास्त बोलत नाही. ‘इन कॉडा व्हेनेनम’ (2019) स्वीडिश आणि इंग्रजी अशा दोन आवृत्त्यांत आला, त्यातली स्वीडिश ऐका, भाषा कळत नसली तरी, गळा तिथे जास्त मोकळा लागलाय. लांबीला मात्र तो जरा जास्तच आहे.

लोकांची मतं इतकी टोकाची का झाली त्याला एक कारण 2011 चा दौरा पण आहे. ‘हेरिटेज’ घेऊन बँड निघाला तेव्हा कार्यक्रमात ग्रोलची गाणी जवळपास बाजूला ठेवली, आणि तिकीट काढून आलेल्या जुन्या फॅनला ते झोंबलं. पुढे जुनी गाणी स्टेजवर परत आली, ग्रोलसकट, पण तो पहिला राग काही जणांच्या डोक्यात अजून आहे आणि तो ते अल्बमवर काढतात. तुम्हाला तो राग नाहीये, तुम्ही उशिरा येताय, हा तुमचा फायदा समजा.

आणि मग 2024 मधे ‘द लास्ट विल अँड टेस्टामेंट’ आला. ‘वॉटरशेड’नंतर सोळा वर्षांनी अल्बमवर ग्रोल. ड्रमवर वाल्टेरी वायरुनेन हा नवा माणूस, मृत्युपत्र वाचलं जातंय अशी गोष्ट, गाण्यांना नावांऐवजी कलमांचे आकडे, फक्त शेवटच्या एकाला नाव. जेथ्रो टल या जुन्या ब्रिटिश प्रोग बँडचा इयन अँडरसन निवेदन करतो आणि बासरी वाजवतो. जुन्या गटाने ‘आला, आला’ म्हणून नाचायला सुरुवात केली, पण खरं सांगू का, हा अल्बम जुन्यासारखा नाहीच आहे. गाणी आखूड आहेत, ठासून भरलेली, भाग पूर्वीपेक्षाही भराभर बदलतात, ‘हेरिटेज’पेक्षाही जास्त. आणि तरी मला तिथे हिसका बसत नाही. का, तर तुकडा बदलला की बऱ्याचदा बोलणारा पण बदलतो, कधी ग्रोल, कधी सरळ गळा, कधी निवेदक, त्यामुळे गोष्टीत कोणीतरी मधे बोललं एवढंच वाटतं. माझ्या वरच्या तर्काला हा अल्बम पुरावा आहे असं मी म्हणणार नाही, पण ऐकून मनातल्या मनात टाळी दिली हे कबूल.

तर शेल्फवर काय राहिलं? जुन्यातले ‘स्टिल लाइफ’पासून ‘वॉटरशेड’पर्यंत सगळे, ‘डॅमनेशन’ धरून. नव्यातले ‘पेल कम्युनियन’ आणि हा शेवटचा. ‘हेरिटेज’ एका मित्राला दिला, त्याला तो त्यांच्या सगळ्या अल्बममधे सगळ्यात जास्त आवडतो आणि त्याच्या मते मला जी शांतता खटकते तीच तर मजा आहे, श्वास घ्यायला जागा मिळते म्हणे. असेलही. मुखपृष्ठ मात्र मी थोडं मिस करतो, ते झाड, त्याला फळांसारखी लागलेली बँडमधल्या लोकांची तोंडं, आणि बँड सोडून चाललेल्या कीबोर्डवाल्या पेर विबर्गचं तोंड खाली पडतंय. इतका खवचटपणा आणि इतकं सुंदर चित्र, दुर्मिळ आहे.

तुम्ही प्रोगकडून येत असाल, मेटल फारसं ऐकत नसाल, तर ‘डॅमनेशन’, मग ‘पेल कम्युनियन’, आणि तिसऱ्या नंबरला ‘ब्लॅकवॉटर पार्क’. मेटलकडून येत असाल तर ‘घोस्ट रेव्हरीज’ने सुरू करा आणि मागे जा, पुढे नंतर या. आणि दोन्हीकडून येत नसाल, नुसतं एक गाणं ऐकून ठरवायचं असेल, तर ‘द ड्रेपरी फॉल्स’, पण निम्म्यात बंद करायचं नाही या अटीवर. निम्म्यात बंद केलंत तर तुम्ही फक्त नवा ओपेथ ऐकलात असं होईल, आणि मग मला विचारायला येऊ नका.