प्रो-ट्रे आणि कोकोपीट: पावसाळा ते हिवाळा वापरल्यानंतर

मिरची, टोमॅटो, वांगी, कोबी अशी सगळी रोपं पावसाळ्यापासून प्रो-ट्रेमध्ये, म्हणजे छोट्या कपांच्या प्लॅस्टिक ट्रेमध्ये, कोकोपीट भरून केली. घर पुण्यात, गच्चीवर सकाळचं ऊन. ट्रेचं लवकर आटपतो: ९८ कपांचा घ्या, पण जाड प्लॅस्टिकचा. पातळ ट्रे भरून उचलला की मधोमध लवतो आणि रोपं मुळांपासून हलतात. काकडी-दोडक्याला मोठे कप हवेत. गाजर-मुळा ट्रेत लावायच्या भानगडीत पडूच नये, सोटमूळ वाकडं होतं.

खरी डोकेदुखी कोकोपीटची, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाची. पाच किलोची वीट भिजून साधारण सत्तर लिटर होते, त्यामुळे पैसे वसूल वाटतात. पण ऑनलाइन आलेल्या माझ्या विटेत क्षार भरपूर होते. बी उगवायचं, दोन दळं (बियातली पहिली पानं) उघडायची आणि रोप तिथेच अडायचं. पुढे पानांच्या कडा करपायच्या. विक्रेत्याचं उत्तर ठरलेलं, 'पाणी कमी पडत असेल.' शेवटी भिजवून, पिळून, पाणी बदलून तीनदा धुतलं, तेव्हा पुढचा ट्रे धड आला. पाकिटावर 'लो ईसी', म्हणजे क्षार कमी, लिहिलेलं असलं तरी एकदा धुवाच.

कोकोपीटमध्ये अन्न जवळपास नसतंच. बियातल्या शिदोरीवर रोप पहिल्या खऱ्या पानापर्यंत जातं, मग पिवळं पडतं. तेव्हा १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत (नत्र, स्फुरद, पालाश समान) लिटरला एक ग्रॅम, आठवड्यातून एकदा. त्याआधी काही घालू नका.

पाण्याचा अंदाज डोळ्याने घेऊ नका. वरचा थर भुरा, कोरडा दिसतो आणि खाली कप चिंब असतो. ट्रे उचलून पाहायचा, हलका लागला तरच पाणी. भरतानाही ओल्या कोकोपीटची मूठ घट्ट दाबली तर बोटांच्या फटीतून एखाददुसरा थेंब यावा, धार नको. पावसाळ्यात हे चुकलं की मर आलीच समजा: मातीलगतचं देठ पाणचट होतं, दोऱ्यासारखं बारीक पडतं आणि हिरवंगार रोप आडवं होतं. हे पिथियम, रायझोक्टोनियासारख्या बुरशींचं काम. पडलेलं रोप वाचत नाही, तो कप रिकामा करायचा. ट्रायकोडर्मा, ही रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी, कोकोपीटमध्ये पेरणीआधीच मिसळलेली बरी. कोवळ्या रोपांवरून वारा खेळता ठेवला तर निम्मं काम होतं.

उगवण कमी झाली म्हणून लगेच बियाण्याच्या नावाने शंख करू नये. प्रमाणित बियाण्यालाही किमान उगवण मिरचीला ६० टक्के, टोमॅटोला ७० टक्के एवढीच बंधनकारक आहे. तारीख मात्र पाहून घ्या. टोमॅटो आठवड्याभरात वर येतो. मिरचीला पंचवीस-तीस अंशांची ऊब लागते, डिसेंबरच्या थंडीत ती दोन-तीन आठवडे तोंड दाखवत नाही. मी ट्रे रात्री स्वयंपाकघरात आणत होतो. माती उकरून बी पाहण्याचा मोह आवरा, कोंब तिथेच मोडतो.

बी अर्धा सेंटिमीटर खोल हवं. फार वर राहिलं तर टरफल डोक्यावर टोपीसारखं अडकून दळं उघडत नाहीत. त्यावर पाणी शिंपडून तासाभराने ओल्या बोटाने हळूच काढायचं. कोरडं ओढलं तर दळंही हातात येतात.

ट्रेसोबत आलेलं पारदर्शक झाकण थंडीत कामाचं, ऑक्टोबरच्या उन्हात आतली रोपं शिजतात. मी उगवेपर्यंत वर्तमानपत्र टाकतो. पहिला कोंब वाकून वर आला की त्याच दिवशी काढायचं, नाहीतर रोपं उजेडाच्या शोधात लांबुडकी होतात. टोमॅटोचं असं रोप खोल लावून निभावतं, कोबीचं तितकंसं नाही.

ट्रेला पाचपैकी साडेचार, धुऊन पुन्हा वापरतोय. कोकोपीटला दोन, पुढची वीट दुसऱ्या ठिकाणाहून.